कोपरा राहिला

काका मंगळवारी गेले, आणि शुक्रवार उजाडेपर्यंत घरातलं रडणं जरा मागे पडून सॉफ्टवेअरवरून भांडणं सुरू झाली होती.

"रविवारी शोकसभा आहे. लोक येणार. नुसता फोटो ठेवून भागायचं नाही," थोरले म्हणाले. थोरले म्हणजे काकांचे मोठे भाऊ. एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पण सुटका झाली ती फक्त कचेरीची, घराची नाही. "फिल्म दाखवायची. दहा मिनिटांची. नावसुद्धा ठरवलंय मी. 'उंचीवरचा माणूस'."

नाव काही खोटं नव्हतं. काका उंच इमारतींच्या काचा पुसायचे. गच्चीवरून दोर सोडायचा, कमरेला पट्टा बांधायचा आणि एका हातात फेसाचा बोळा, दुसऱ्या हातात वायपर घेऊन मजल्यामागून मजले खाली यायचं, हे त्यांचं काम. मध्यंतरी एका गिऱ्हाइकानं "आमच्या मजल्यावर कुणी फिरकलंच नाही" असा कांगावा केला, तेव्हापासून कंपनीनं प्रत्येकाच्या हेल्मेटवर काडेपेटीएवढा कॅमेरा बसवून टाकला. पट्टा, हेल्मेट, बटण. हा क्रम काकांच्या अंगात इतका मुरला होता की बाजारात जातानाही त्यांचा हात डोक्याकडे जायचा.

त्यामुळे चित्रीकरण ढीगभर होतं. अडचण एकच. डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याला अख्खं जग दिसतं, ते डोकं सोडून. काका त्या ढिगात दिसायचे ते फक्त काचेत. साबणाच्या फेसावरून वायपर फिरला की आधी मिशी उगवायची, मग नाक, मग डोळे, आणि मग सबंध काका, मागे आभाळ घेऊन.

अख्ख्या शहराच्या काचा लख्ख करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या बाल्कनीची काच मात्र धुरकटलेलीच असायची. काकू वर्षानुवर्षं टोचत होत्या. शेवटी त्या मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, काका पट्टा, हेल्मेट सगळं चढवून बाल्कनीत उभे राहिले.

"हे काय सोंग?" काकूंनी विचारलं होतं.

"घरचं गिऱ्हाईक फार किटकिटं आहे," काका म्हणाले होते. "पुरावा लागतो." आणि त्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

काच पुसून झाली. काकूंनी दारातून एक नजर टाकली, "कोपरा राहिला," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. पाठीमागून काका काहीतरी बोलले. स्वयंपाकघरात नळ धो धो चालू होता. काकूंना ऐकू आलं नाही. त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा काका बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर वायपर, आणि संपलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. उभा जन्म तिसाव्या मजल्यावर लटकलेला माणूस जमिनीपासून दीड हातावर गेला.

"इतक्या वर्षांचा संसार," काकू चिंगीला सांगत होत्या. चिंगी म्हणजे थोरल्यांची पंधरा वर्षांची मुलगी, काकूंची लाडकी पुतणी. "आणि मी त्यांना शेवटचं काय बोलले? कोपरा राहिला. लोक एकमेकांना काय काय सांगून जातात गं. आणि मी काढला कोपरा."

"काकू, पण तुला काय माहीत होतं?"

"ते जाऊ दे. ते काय म्हणाले ते मला ऐकायचंय. त्या कॅमेऱ्यात असणार. रागावले असतील तर रागावले. शिवी दिली असेल तर शिवी. पण कळू दे मला. नाहीतर मी काय रोज त्या नळाचा आवाज ऐकत बसू?"

काकूंनी हे थोरल्यांनाही सांगितलं. थोरले म्हणाले, "हो हो, ऐकू की. थांब जरा. आधी सॉफ्टवेअर ठरू दे."

खरं तर काकूंनी तो तुकडा आधीच पाहायचा प्रयत्न केला होता. पण कॅमेऱ्याचा पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि पावसापाण्यासाठी त्याच्यावर जी डबी बसवली होती ती निघता निघेना, त्यामुळे आवाज असा यायचा जसं कुणी उशीखालून बोलतंय. मग कार्ड काढून थोरल्यांच्या कॉम्प्युटरला लावलं. कॉम्प्युटर थोरल्यांच्याच पिढीतला. चित्र दोन पावलं चालायचं आणि दम खायला थांबायचं, आवाज भलतीकडेच. काका वायपर उचलायचे आणि चिमणी बोलायची.

"फाइल जड आहे," तज्ज्ञानं निदान केलं. तज्ज्ञ म्हणजे काकांच्या बहिणीचा मुलगा. तो कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. काय ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं समजावून सांगितल्यावर तर अजिबातच नसायचं. "मामा, अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं फुटेज असं थेट चालत नाही. आधी सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं, हलकं करायचं, हलणं काढायचं, मग बघायचं. फक्त कुठलं घ्यायचं ते नीट विचार करून ठरवू."

आणि मग विचार सुरू झाला.

तज्ज्ञ नीट विचार करत होता तेवढ्या वेळात चिंगीनं एक सॉफ्टवेअर उतरवूनसुद्धा घेतलं. फुकटचं होतं. फुकटात एकच मिनिट कापून देत होतं, आणि त्या मिनिटभर पडद्यावरून एक पिवळं बदक डावीकडून उजवीकडे चालत जाऊन मधूनच क्वॅक करायचं. ते बदक घालवायचं असेल तर पैसे भरा, असा त्या कंपनीचा साधा सरळ हिशोब होता.

"काकू, पटकन सांग, कुठला तुकडा?"

"मी कोपरा म्हणते ना, तिथपासून पुढे."

चिंगीनं अंदाजानं तेवढं मिनिट पकडलं आणि बटण दाबलं. तुकडा तयार झाला. काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची ओढली. पडद्यावर बाल्कनीची काच आली, आणि काचेच्या डाव्या कडेनं बदक दुडुदुडु निघालं.

"हे काय आहे?" दारात थोरले उभे होते.

"बाबा, हे नुसतं टेस्ट..."

"माझा भाऊ जाऊन आठवडा झाला नाही, आणि त्याच्या अंगावरून बदक चालतंय?"

"भाऊजी, असू द्या ना बदक, मला फक्त..."

"असू द्या कसं? उद्या लोक काय म्हणतील? याच्या मरणावर बदकं सोडली?" थोरले पुढे झाले, माउस हिसकावला आणि तो तुकडा उचलून पडद्यावरच्या केराच्या टोपलीत टाकला. मग काकूंकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "तुला चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवू. मोठ्या पडद्यावर. स्वच्छ. जरा धीर धर."

काकूंनी चष्मा काढला आणि काचा पदराला पुसल्या. काहीही पुसायचं म्हटलं की त्या आधी कोपऱ्यांना हात घालायच्या.

दुसरं सॉफ्टवेअर तज्ज्ञानं आणलं. सिनेमावाले हेच वापरतात म्हणे. उघडल्यावर पडद्यावर इतकी बटणं आली की थोरले नकळत एक पाऊल मागे सरकले. तज्ज्ञानं काकांचं सगळं फुटेज त्यात ओतलं. कॉम्प्युटरचा पंखा आधी घोरला, मग गरजला, मग टेबलावरची कागदं उडायला लागली, आणि अचानक सगळं थांबलं. पडदा काळा झाला. एकाच आठवड्यात घरात दुसऱ्यांदा तसली शांतता पसरली.

"गेला?" थोरल्यांनी हळूच विचारलं.

"हँग झालाय."

"म्हणजे श्वास आहे?"

"आहे, मामा. पण त्याला हे झेपणार नाही. नवीन मशीन घ्यावं लागेल."

"नवीनबिवीन काही नाही. हा कॉम्प्युटर माझ्याबरोबर कचेरीतून निवृत्त झालाय."

तिसरं सॉफ्टवेअर शनिवारी सकाळी आलं, आणि सगळ्यांना पाहता क्षणीच आवडलं. हुशार होतं ते. त्यात माणसानं काही करायचंच नव्हतं. फुटेज द्यायचं, काय नको त्यावर खुणा करायच्या, आणि फिल्म कसली हवी ते सांगायचं. बाकी कापाकापी, गाणं, नावं सगळं ते दूर कुठेतरी स्वतःच्या कॉम्प्युटरवर स्वतःच करणार.

"कसली फिल्म हवी, विचारतंय," तज्ज्ञ म्हणाला. "पर्याय आहेत: साहस, सहल, लग्न, वाढदिवस."

"मरण नाही?" थोरल्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही, मामा. लोक बहुतेक मजेसाठीच वापरतात."

"साहस लाव मग."

"साहसात दर सेकंदाला स्फोट होतात आणि ढोल वाजतात. मी बघितलं."

लग्न आणि वाढदिवस यांच्यावर चर्चाच झाली नाही. उरली सहल.

"सहलीचं संगीत तसं हळुवार असतं," तज्ज्ञ म्हणाला.

"लाव सहल," थोरल्यांनी मंजुरी दिली. "नाहीतरी गेलाच आहे तो."

मग 'काय नको'ची पाळी. हलणं नको? नको. वाऱ्याचा आवाज नको? नको. काचेतली प्रतिबिंबं नकोत? तज्ज्ञानं थोरल्यांकडे बघितलं. थोरल्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख, आरपार काचा आल्या. "नकोत. काच कशी स्वच्छ दिसली पाहिजे. तेच तर त्याचं काम होतं." मागचा गोंगाट नको? नको. अस्पष्ट आवाज नकोत? नकोत. तज्ज्ञ भराभर खुणा करत गेला.

"त्यात ते आहेत ना रे?" काकूंनी मागून विचारलं.

"मामी, सगळं आहे. एकूण एक फुटेज दिलंय."

"आणि शेवटी काय बोलले ते?"

"तेच तर जास्त स्वच्छ ऐकू येईल! काहीही कचरा राहणार नाही."

मग नवी भानगड. तयार फिल्म परत यायची तर कॉम्प्युटरात जागा हवी, आणि जागा नव्हती. तज्ज्ञानं इकडेतिकडे बघून सांगितलं, "मामा, तुमच्या टोपलीतच केवढं साठलंय. रिकामी करतो."

"हात लावायचा नाही!" थोरले ओरडलेच. "टोपलीतलं कधी काय लागेल सांगता येत नाही. कचेरीत मी टोपली स्वतः तपासल्याशिवाय कधी झाडू दिली नाही. त्या टोपलीतून एकदा अख्खा विभाग वाचलाय."

"मग काय काढू? हे धाकट्या मामांचं मूळ फुटेज सगळ्यात जड आहे. तसं ते कार्डावर आहेच म्हणा."

"हां. मग ते काढ. उगाच दोन दोन प्रती कशाला."

थोरल्यांच्या कचऱ्याला जागा राहावी म्हणून काका कॉम्प्युटरातून असे गेले. तज्ज्ञानं ते टोपलीतही न टाकता थेट पुसले. टोपली आधीच भरलेली होती ना.

दुपारी जोडीदार आला. हा काकांच्या शेजारच्या दोरावर लटकणारा माणूस. आयुष्यभर दोघे एकमेकांशी ओरडून बोलले, त्यामुळे जमिनीवरही तो ओरडूनच बोलायचा. आज मात्र इतका हळू बोलत होता की काकूंना त्याच्याकडे वाकून ऐकावं लागलं.

"वहिनी, राग मानू नका. मला तोंड नाही मागायला. पण साहेबांनी हेल्मेट आणि कॅमेरा मागवलाय. नवा माणूस आलाय. बिनकॅमेऱ्याचं सोडत नाहीत वर."

"एवढ्यात नवा आला?"

"काचा थांबत नाहीत ना, वहिनी."

काकूंनी स्वतः हेल्मेट आणून दिलं. आतल्या पट्टीवर काकांचा एक पांढरा केस होता, तो काढून घेतला. तज्ज्ञ तत्परतेनं पुढे झाला. "थांबा, कार्ड रिकामं करून देतो. कंपनीचा नियम असतो." आणि दोन बोटांत त्यानं ते काम उरकलं. कॉम्प्युटरातलं फुटेज 'कार्डावर आहेच' म्हणून काढलं, हे सकाळचं त्याचंच वाक्य. आता कार्ड 'फिल्ममध्ये आहेच' म्हणून गेलं. दोन्ही वेळा त्याच्या चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान होतं.

तयार फिल्म रविवारी सकाळी उतरली. पाहायला वेळच नव्हता. खुर्च्या आल्या नव्हत्या, आणि हॉलवाल्याचा प्रोजेक्टर तज्ज्ञाच्या नव्या लॅपटॉपशी बोलायलाच तयार नव्हता. शेवटी थोरल्यांचा कॉम्प्युटरच उचलून नेला. त्याच्याशी प्रोजेक्टरचं लगेच जुळलं. दोघं एका वयाचे असावेत.

हॉल भरला. कंपनीचे लोक आले, शेजारी आले, ज्यांच्या खिडक्या काका पुसायचे अशा दोन-तीन मजल्यांवरची माणसंसुद्धा आली. ती काकांना फक्त काचेपलीकडून ओळखत होती. थोरल्यांनी भाषण केलं. "माझा भाऊ," ते म्हणाले, "आज तुम्हाला प्रत्यक्ष दिसणार आहे." दिवे मालवले. पहिल्या रांगेत काकूंनी चिंगीचा हात घट्ट धरला.

'उंचीवरचा माणूस' सुरू झाला. हळुवार गिटार. निळं आभाळ. आणि काचा. काय काचा होत्या! फेस लागत होता, वायपर फिरत होता, फेस जात होता, आणि फेसाखालून निघत होती, नुसती काच. मिशी नाही, नाक नाही, डोळे नाहीत. मजल्यामागून मजले वायपर आपला आपण सरकत होता. एका ठिकाणी एक हातमोजा दिसला, त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"कुठाय?" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं.

"येईल," दुसरं कुणी म्हणालं.

काका आले नाहीत. सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, प्रतिबिंबं नकोत. त्यानं ते मन लावून केलं होतं. एकूण एक काचेतून त्यानं काकांना असं पुसलं होतं की काकांनाही इतकं स्वच्छ पुसता आलं नसतं.

"काकू," चिंगी कुजबुजली, "काका यात नाहीचेत."

"थांब," काकू म्हणाल्या. "शेवटी बोलतील."

शेवटी बाल्कनी आली. घरची काच. घरची रिकामी काच. गिटार थांबली. गोंगाट काढलेला, नळ काढलेला, रस्ता काढलेला, अस्पष्ट असं सगळं काढलेलं. त्या नितळ शांततेत, चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून, एकच आवाज स्वच्छ, खणखणीत आला. काकूंचा.

"कोपरा राहिला!"

आणि पुढे काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. मग पडद्यावर फुगे उडाले आणि सोनेरी अक्षरं आली: 'तुमची सहल अविस्मरणीय ठरो!'

दिवे लागले. माणसं टाळ्या वाजवायच्या की नाहीत या विचारात हात अर्धवट उचलून बसली होती, आणि एकेक मान काकूंकडे वळत होती. ज्यांना कुणाला आजवर माहीत नव्हतं, त्यांनाही आता कळलं होतं की या माणसाला निरोप काय मिळाला.

काकू उठल्या. रडल्या नाहीत. सरळ तज्ज्ञाकडे गेल्या.

"पुढचं कुठाय?"

"मामी, ते अस्पष्ट असेल ना, म्हणून त्यानं..."

"मूळचं लाव."

तज्ज्ञानं थोरल्यांकडे बघितलं. थोरल्यांनी छताकडे बघितलं. "मूळचं... कार्डावर होतं," तज्ज्ञ म्हणाला.

"कार्ड कुठाय?"

मागच्या रांगेतून जोडीदार उठून उभा राहिला. "वहिनी, ते हेल्मेट आत्ता, या घटकेला, नव्या माणसाच्या डोक्यावर आहे. रविवारीच तर ऑफिसं रिकामी असतात. सकाळपासून त्याच कार्डावर काचा भरतोय तो."

काकू खाली बसल्या. खुर्ची जवळ नव्हती, तशाच स्टेजच्या पायरीवर बसल्या. "म्हणजे तेही गेलं," त्या म्हणाल्या. तेवढंच. आणि अख्ख्या हॉलला नीट कळलं की त्या घरात हे दुसरं मरण झालंय, आणि हे हृदयानं झालेलं नाही.

चिंगी एकदम ताडकन उभी राहिली. "बदक!"

"काय?"

"बाबा! तुम्ही बदक टोपलीत टाकलंत. टोपली रिकामी केलीत का?"

आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्यांना टोपलीबद्दल सांगताना अभिमान वाटला नाही. "मी टोपली कधीच रिकामी करत नाही," ते म्हणाले.

चिंगी माउसवर तुटून पडली. सगळ्या हॉलनं मोठ्या पडद्यावर थोरल्यांची टोपली बघितली. जुनी परिपत्रकं, पाणी तोडल्याच्या तक्रारी, स्वतःच्याच निरोप समारंभाच्या भाषणाचे सहा खर्डे, आणि सगळ्यात वर, कालपरवाचं, पिवळं चित्र असलेलं एक मिनिट.

"अगं, पण लोकांसमोर बदक..." थोरल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "गप्प बसा." हे त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या, आणि थोरले पहिल्यांदाच बसले.

बाल्कनी पुन्हा आली. हलणारी, डुगडुगणारी, नळाच्या आणि रस्त्याच्या आवाजानं भरलेली. काच पुसून झालेली होती आणि काचेत, आतल्या काळोख्या खोलीवर, काका उभे होते. सबंध. हेल्मेट, मिशी, घामेजलेलं नाक. हॉलमध्ये एक लांब श्वास उमटला. डावीकडून बदक निघालं.

"कोपरा राहिला," काकूंचा आवाज आला. काचेतल्या काकूंची पाठ आत वळली. काकांनी कोपऱ्याकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं. ओठ हलले. काकू पायरीवरून अर्ध्या उठल्या.

"क्वॅक!" बदक म्हणालं. अगदी काकांच्या तोंडावर, अगदी त्याच क्षणी. हॉलभर.

कुणाच्या तरी तोंडून "अरेरे" निघालं. तज्ज्ञानं डोळे मिटून घेतले. चिंगीला तर ते बदक पडद्यातून उपसून त्याची मान पिरगाळावीशी वाटली.

पण बदक थांबलं नाही, पुढे चालत गेलं, आणि त्याच्या शेपटीमागून काका पुन्हा दिसायला लागले. काका आपल्या काचेत, कुणी बघत नाही अशा खात्रीनं, स्वयंपाकघराकडे तोंड करून, जीभ बाहेर काढून वेडावून दाखवत होते. चांगली मोठी जीभ. डोळे तिरळे केलेले, मिशी नाकाशी गोळा झालेली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून त्यांनी वायपर उचलून कमरेवर ठेवला आणि काकूंसारखी मान उडवून दाखवली. मग तो कोपरा तसाच ठेवून, स्वतःवरच खूश होत, ते खुर्चीकडे वळले. मिनिट संपलं.

पडद्यावर बाल्कनीतली रिकामी प्लॅस्टिकची खुर्ची आणि उजव्या कडेला बदकाची शेपटी अडकून राहिली होती.

मग कुणीतरी हसलं. आधी खोकल्यासारखं, मग दाबून, मग न दाबता. काकू पदर तोंडावर धरून हसत होत्या, आणि पदर ओला होत होता, आणि तरी हसत होत्या.

"मला माहीत होतं!" त्या जोडीदाराला म्हणाल्या. "मला इतकी वर्षं संशय होता! मी पाठ वळवली की हा माणूस काहीतरी करतो. विचारलं की म्हणायचे, मी? मी कुठं काय!"

"वहिनी, वरसुद्धा करायचा," जोडीदार ओरडला. त्याचा आवाज आता परत आला होता. "साहेब काचेआड दिसला रे दिसला की करायचा!"

तिसऱ्या रांगेतल्या कंपनीच्या साहेबांनी खुर्चीतली बैठक बदलली.

"पण काकू," चिंगी म्हणाली, "काय बोलले ते कळलंच नाही गं. बदकानं घालवलं. मी दुसरं कुठलं सॉफ्टवेअर बघू का, बदकाचा आवाज वेगळा काढणारं?"

"खबरदार," काकू म्हणाल्या. "एक बटण दाबलंस तर. परत लाव."

चिंगीनं परत लावलं. मग आणखी परत. चौथ्यांदा तर पहिल्या रांगेतली माणसं बदकाची वाट बघायला लागली होती.

संध्याकाळी पाहुणे पांगले. काकू खोलीत दिवा लावून बसल्या होत्या. बाहेर अंधारून आलं होतं, बाल्कनीची काच आरशासारखी झाली होती आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात मळाचा एक तिकोना तसाच होता. थोरले खोलीत शिरले. दिवसभराचं ओझं त्यांच्या खांद्यांवर दिसत होतं. आपल्या हातून काहीतरी भरून निघावं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून एक फडकं आणलं होतं. ते काचेशी वाकले.

"हा तेवढा कोपरा मी पुसून टाकतो हं," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांना सलत असेल."

"हात लावाल तर बघा, भाऊजी."

"अगं, पण घाण दिसतेय ती. चार माणसं येतात जातात..."

थोरल्यांची पाठ काकूंकडे होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी इकडेतिकडे बघितलं, आणि सावकाश, जन्मात पहिल्यांदा, जीभ बाहेर काढली.

समोरच्या काचेत थोरल्यांना ती स्पष्ट दिसली. ते सरळ झाले, फडक्याची नीट घडी केली आणि खिशात घातली. कधी लागेल सांगता येत नाही.